अर्धा वाटा

४ फेब्रुवारी

"यापुढे मला फोन करू नका." हे तुझे शब्द. मी त्यातला एकही बदललेला नाही. म्हणून पत्राने कळवतो आहे.

तुझी आई गेल्या मंगळवारी सकाळी दवाखान्यातच वारली. बुधवारी विजेच्या दाहिनीत दहन झालं. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर सगळं आटोपलेलं असेल, तेव्हा धावपळ करून यायचं कारण नाही.

पोटात गाठ होती. डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलायला लागला तेव्हाच मी काय ते समजलो. तिला सांगितलं नाही, पण तीही समजली असावी, कारण तिने एकाएकी बागेतल्या कोणत्या झाडाला किती पाणी लागतं ते मला सांगायला सुरुवात केली. तिचे अंदाज सगळे चुकीचे होते. मी ऐकून घेतले.

तुला कळवायचं म्हणून मावशी जिवाचा आटापिटा करत होती. "अहो भावजी, पोटचा पोर आहे तो! नंबर तरी द्या मला." नंबर तुझ्या आईच्या फोनमध्ये होता आणि फोन माझ्या कपाटात. दवाखान्यात वस्तू हरवतात, म्हणून पहिल्याच दिवशी मी तो काढून घेतला होता. मी मावशीला म्हटलं, "माझ्या घरचं मरण आहे. कसं कळवायचं ते मी ठरवीन." त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोघी एकाच आईच्या पोटच्या, पण जीभ सगळी धाकटीच्या वाट्याला आली.

पत्र रजिस्टर करणार होतो. पण त्याला घेणाऱ्याची सही लागते, आणि माझ्या पत्रासाठी तू सही करशील याची मला खात्री नाही. म्हणून साध्या टपालाने.

आशीर्वाद लिहीत नाही. मागच्या वेळचे परत आले होते.

तुझे वडील

*

२१ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. दोन्ही बाजूंनी भरलेली पानं आहेत. एवढं लिहिता येतं, तर आई जिवंत असताना तिला चार ओळी का लिहिल्या नाहीस, हे त्यात कुठे सापडलं नाही.

तू विचारतोस, तिने माझी आठवण काढली होती का. काढली होती. "जरा त्याला लावून द्या ना," म्हणाली. मी तिला तुझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ती म्हणाली, "अहो, रागात बोलतं माणूस." मी म्हटलं, "बोलतं ना? मग बोललेलं खरं धरायचं की नाही?" तिने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली, मीही तेच म्हटलं. नंतर तिने विषय काढला नाही. हे मी लपवलं असतं तर तुला कधी कळलंही नसतं. पण मी उभा जन्म लोकांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला आहे. पारड्याखाली बोट लावायची सवय मला नाही.

आणि मूळ भांडणाबद्दल तू जे लिहिलं आहेस, ते दुरुस्त करून घे. तुझी मुलगी जन्मली तेव्हा मी माझा काटा घेऊन तुझ्या घरी आलो होतो, हे खरं. तिला तोललं, हेही खरं. दवाखान्याच्या कागदावर होतं त्यापेक्षा ती कमी भरली. तेव्हा मी एवढंच विचारलं, "पोर पीत नाही, की हिची आई पाजत नाही?" हा प्रश्न आहे. याला अपमान म्हणत नाहीत. तुझे सासू-सासरे समोर बसले होते, त्याला मी काय करणार? त्यांना मी बोलावलं नव्हतं. शाळा माझी सातवीत सुटली, पुढचं सगळं मला काट्याने शिकवलं, आणि काटा समोर कोण बसलं आहे ते बघत नाही.

आता मुद्द्याचं. तू आईच्या राखेतला अर्धा वाटा मागितला आहेस. राख माझ्याकडे आहे, मागच्या खोलीत फळीवर, पत्र्याच्या डब्यात. दाहिनीवाल्याने पिशवीत दिली होती. घरी आणून मी ती तोलली. तुझी मुलगी त्या दिवशी जेवढी भरली होती, त्याहून थोडीशीच कमी.

अर्धी तुला मिळेल. गुंजभरही कमी मिळणार नाही. पण टपालाने मिळणार नाही. इथे यायचं, माझ्यासमोर उभं राहायचं आणि ते वाक्य परत घ्यायचं. तुझ्या सासू-सासऱ्यांसमोर नको, मी एवढा दुष्ट नाही. माझ्या एकट्यासमोर पुरे.

तुझे वडील

*

३० मार्च

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. राखेला घाई नसते.

दुकान बंद केलं. हल्ली काटा बिघडला की लोक दुरुस्त करत नाहीत, फेकून नवा आणतात. मी आता एका कुरियरच्या गोदामात कामाला जातो. पार्सल काट्यावर ठेवायचं, आकडा मशीनमध्ये भरायचा, पुढे ढकलायचं. साहेब तुझ्याहून लहान आहे. खुशीत असला की मला 'काका' म्हणतो, मी चूक काढली की 'अंकल'. पहिल्याच दिवशी सांगितलं, "साहेब, तुमचा काटा जड दाखवतो." तो म्हणाला, "अंकल, आपल्या फायद्याचंच दाखवतो ना? मग दाखवू दे." मी जेवणाच्या सुट्टीत काटा उघडून सरळ केला. आता तो मला दिवसभर अंकलच म्हणतो.

रविवारी सुट्टी असेल तेव्हा तुझ्या आईच्या जागी जातो. ज्या दवाखान्यात ती गेली, त्याच्या मागच्या आवारात तिचा सेवा गट बाग करतो. रुग्णांच्या नातेवाइकांना घटकाभर बसायला हिरवं काहीतरी असावं, म्हणून. गटात सगळी निवृत्त मंडळी. त्यांच्या म्होरक्या म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. तुझ्या आईची त्यांच्याशी फार गट्टी होती. मी गेलो तर बाई म्हणाल्या, "काटेवाले, तुम्ही आलात याचं बरं वाटलं. दुःख वाटून घेतलं की हलकं होतं." मी म्हटलं, "बाई, वाटल्याने वजन कमी होत नाही, फक्त वाटे पडतात." त्यांनी माझ्या हातात खुरपं दिलं.

बागेची दशा काय सांगू. तुझी आई सगळं डोळ्यांनी मोजायची. 'थोडं', 'जरासं', 'बरंचसं' ही तिची मापं. तिच्या गुलाबांना पाणी जास्त होत होतं, मी निम्म्यावर आणलं. बाई कुरकुरतात, "अहो, त्यांना सवय आहे तिची." मी म्हटलं, सवय मोडते. निम्मे गुलाब मेले. जे उरले ते आता शिस्तीत आहेत.

घरीही मागची खोली लावून काढली. फळीवरची माझी डब्यांची रांग तुला आठवत असेल: वाळू, चुना, गंधक, हाडांचा चुरा वगैरे. डब्यांवर नावं लिहीत नाही, फक्त नंबर. कशात काय आहे ते माझ्या डोक्यात. नावं असली की तुझी आई मला न विचारता कशातलंही काहीही मूठभर घेऊन जायची. "तुमच्या डब्यांसमोर परीक्षेला बसावं लागतं," म्हणायची. आणि सूड म्हणून तिने माझ्या रांगेत मध्येच चार नंबरवर स्वतःचा बटणांचा डबा घुसवला होता. उभं आयुष्य तो माझ्या डोळ्यांत खुपला. तो काढून टाकला. मग पुढचे सगळे डबे एकेक घर अलीकडे सरकवले, नवे नंबर घातले. शेवटी एक जागा मोकळी झाली.

तिथे आता तुझी आई आहे. तिच्या डब्यावरही नंबरच टाकला. नाव कुणासाठी टाकायचं? घरात वाचणारा मी एकटा.

तुझे वडील

*

१७ एप्रिल

अजून उत्तर नाही. मी मात्र लिहितो आहे. इथे दुसऱ्या कुणाला काही सांगायला गेलो की ते डोकं हलवायला लागतात.

गेल्या रविवारी दवाखान्याच्या बागेत मिरचीची रोपं लावायची होती. फुलझाडांनी पोट भरत नाही, हा विचार मी त्या गटाच्या गळी उतरवला. बी माझं, रोपं मी केलेली, आणि ऐन वेळी साहेबाने सुट्टी नाकारली. "काका, रविवारीच तर पार्सलांचा पाऊस असतो." मग काय, गोदामातून फोनवर सगळी लागवड केली. घराची किल्ली शेजारी असते. ती घेऊन बाई माझ्या मागच्या खोलीत उभ्या, आणि मी इकडे एका हाताने पार्सलं तोलतो आहे.

"काटेवाले, डबे सगळे सारखे दिसतात हो! हाडांचा चुरा कुठला?"

"सात."

"नक्की ना? उघडून बघते, पण मला मेलीला काय कळणार त्यातलं."

"पांढुरका, कणीदार. बाई, मला झोपेतून उठवून विचारलंत तरी चुकणार नाही."

"आहे, आहे. पांढुरका आहे. किती घालू?"

"प्रत्येक कुंडीला मूठभर. मापात. कुंड्या पुष्कळ आहेत, सगळा संपेल. संपवाच. हवा लागली की ठेवण्यात अर्थ नसतो."

संध्याकाळी घरी येऊन पाहिलं. बाईंनी डबा धुऊन पुसून जागेवर ठेवला होता, रांग दोरी लावल्यासारखी सरळ. याला म्हणतात पद्धत. मालक जागेवर नसला तरी काम अडत नाही. तुझी आई असती तर बाईंना म्हणाली असती, "जे हाताला लागेल ते घाला हो, झाडं काय पुस्तक वाचून वाढतात?"

मी तिला हे ऐकवायला म्हणून मागे वळलो होतो.

तुझे वडील

*

९ जून

शेवटी तुझं पत्र आलं. एकच ओळ. "तुम्ही आईला आयुष्यभर तोलत राहिलात, आता तरी सोडा."

सोडतो की. ये आणि ने. अट तीच आहे. शब्द तुझे, तोंड तुझं, भाडंसुद्धा हवं तर मी देतो. तुला जड काय जातं आहे? मावशी म्हणते मी तुझ्या मानेवर पाय ठेवून बसलो आहे. मी फक्त बसलो आहे. मान तू स्वतः तिथे आणून ठेवतो आहेस.

खाली सुनेच्या अक्षरात दोन ओळी आहेत. मुलीला आजीची बटणं आठवतात, आजी इकडे यायची तेव्हा डबा सोबत आणून ती तिला मोजायला द्यायची, तो डबा तरी पाठवा. तिला सांग, डबा नाही. काढून टाकला म्हणजे टाकला, मार्चच्या पत्रात लिहिलं आहे. कचऱ्याच्या गाडीत गेला. पोरीला मोजायलाच शिकवायचं असेल तर बटणं कशाला हवीत, मी जुनी वजनं पाठवीन.

मिरच्या धरल्या आहेत. काही कुंड्यांतल्या रोपांची पानं कडेने करपली होती, मी बघितलं आणि बाईंना तिथल्या तिथे सुनावलं. "मूठभर म्हणजे मूठभर. तुमचा हात जड पडला. माती खारावली की मुळं भाजतात." बाई एवढ्याशा झाल्या. "हिच्या हाताला कसं कळायचं हो बरोबर," म्हणाल्या. हिच्या म्हणजे तुझ्या आईच्या. मी म्हटलं, "तिला काही कळत नव्हतं. तिची झाडं तिला घाबरून वाढायची नाहीत, म्हणून वाढायची." बाई हसल्या. मी विनोद केला नव्हता.

तू येत नसशील तर तसं लिही. त्या जागेवर दुसरा डबा ठेवता येईल.

तुझे वडील

*

२३ ऑगस्ट

या पत्राबरोबर एक बरणी पाठवतो आहे. पार्सल मी स्वतः तोललं आहे, वाटेत कुणी बोट घातलं तर मला कळेल.

दवाखान्याच्या बागेतल्या मिरच्या पिकून लाल झाल्या. रुग्णांना तिखट चालत नाही, नातेवाइकांनी हिरव्या होत्या तेव्हाच नेल्या तेवढ्या नेल्या. लाल सगळ्या बाईंनी माझ्या पदरात टाकल्या. "तिच्या नावाने लावल्या, तुम्हीच न्या." गच्चीवर वाळवल्या, देठं काढून कुटल्या, चाळल्या. रंग बघ. विकतची पूड अशी मिळणार नाही, त्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे. यात मिरचीशिवाय काहीही नाही, मी लिहून देतो.

अर्धी मला, अर्धी तुला. माझ्या जुन्या काट्यावर वाटे केले. काटा अगदी मधोमध उभा होता. अर्ध्या वाट्याचा तुला फार सोस आहे ना, हा घे. नाकाला झोंबली तर पाण्यापाशी जा, माझ्यापाशी येऊ नकोस.

पीक निघाल्यावर झाडं उपटली आणि कुंड्यांतली माती काढून टाकली. मिरचीनंतर त्या मातीत पुन्हा काही लावायचं नाही, रोग राहतो, हा माझा नियम. दवाखान्याच्या मागे नवी इमारत होते आहे, त्यांना खड्ड्यात भर हवीच होती. सगळी तिकडे गेली, वर काँक्रीट पडलं. बाई म्हणत होत्या, "अहो, चांगली माती हो ती, राहू द्या." मी म्हटलं, "मातीवर माया करायची नसते."

साहेबाने मला कायम केलं आहे. काटे आता सगळ्या गोदामाचे मीच बघतो. आणि घरी आलो की मागच्या खोलीचं दार बंद ठेवतो. का ते विचारू नकोस. तुझ्या आईच्या डब्याला मी मार्चमध्ये नंबर टाकल्यापासून हात लावलेला नाही. उचलला की हाताला वजन कळतं. मला ते कळून घ्यायचं नाही.

तुझे वडील

*

१ ऑक्टोबर

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं.

तू 'बाबा' असं लिहिलं आहेस. आधीची दोन्ही पत्रं तू 'तुम्ही'वरच भागवली होतीस.

लिहितोस, बरणी उघडली आणि वास आल्याबरोबर आईची आठवण आली. सून रोज ताटात घेते. पोरीला तिखट सोसत नाही, तरी चिमूटभर मागते आणि डोळ्यांत पाणी आणून हसते. आणि शेवटी लिहितोस, 'ते वाक्य मी परत घेतो. तिथे येऊनही घेईन. राग गेलेला नाही, पण बाबा, आता पुरे. पुढच्या रविवारी पोरीला घेऊन येतो.'

ये.

समोर उभं वगैरे राहायची गरज नाही. बसून बोललास तरी चालेल.

पितळेचा जुना काटा काढून चिंच लावून घासला आहे. साखळ्या मोकळ्या केल्या. पोरीला वजनं दाखवीन, तिला लहान वजन धरायला छोटा चिमटा लागतो, तो कुठेतरी आहे, शोधतो. दोन सारखे डबे विकत आणले आहेत. वाटे आधीच करून ठेवीन म्हणजे पोरीसमोर ते नको. मावशीलाही जेवायला सांगितलं. फोनवर ती म्हणाली, "भावजी, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

तुझ्या आईचा फोन चार्ज करून ठेवला आहे. तो तू घेऊन जा.

बाबा

*

४ ऑक्टोबर

येऊ नकोस. तिकिटं काढली असशील तर रद्द कर.

आज सकाळी वाटे करायला सात नंबरचा डबा खाली घेतला. उचलतानाच कळलं. वजन तिचं नव्हतं. झाकण काढलं तर आत काळं, चाळलेलं खत. वरपर्यंत. हाताने चोपून सपाट केलेलं.

मी सहा नंबर उघडला. त्यात हाडांचा चुरा, जसाच्या तसा भरलेला. चिमूटही कमी झालेली नाही.

तुला एव्हाना कळलं असेल. तरी मी लिहितो, कारण कुणीतरी हे नीट लिहायला हवं. चुरा पूर्वीपासून सातवर असायचा. चार नंबरचा बटणांचा डबा काढल्यावर सगळे एक घर अलीकडे आले, चुरा सहावर आला. मोकळ्या झालेल्या सातवर मी तुझ्या आईला ठेवली. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. आणि एप्रिलमध्ये गोदामातून बाईंना सांगितलं ते जुन्या आठवणीने सांगितलं. सात. झोपेतून उठवलं तरी चुकणार नाही म्हणालो. पांढुरका, कणीदार. सगळा संपवा.

बाईंकडे गेलो. त्या दारात फुलझाडांना पाणी घालत होत्या. "डबा रिकामा कसा परत ठेवायचा?" म्हणाल्या. "तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून चांगलं चाळून खत भरलं. का हो, कमी पडलं का?"

मी त्यांना त्या डब्यात काय होतं ते सांगितलं.

त्या पायरीवर बसल्या. हातातलं पाणी तसंच सांडत राहिलं. मग म्हणाल्या, "मीच नंबर चुकीचा ऐकला असेन. कान गेलेत हो माझे." तुझ्या आईच्या उशाशी ही बाई शेवटचे सगळे दिवस बसली होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की नाही बाई, तुम्ही बरोबर ऐकलंत. मी म्हटलं नाही. त्यांच्या हातातला पाण्याचा डबा सरळ करून ठेवला आणि आलो.

माती काँक्रीटखाली गेली, ती मीच पाठवली. झाडं उपटली, ती मीच. राहता राहिल्या मिरच्या. राख मातीत गेली, मुळांनी त्यातलं काय उचललं, मिरचीत किती उतरलं, हे तोलणारा काटा मी तरी पाहिलेला नाही. असेल अगदी कणभर. नसेलही. पण जे काही तिचं या जगात उरलं होतं, ते मी कुटून, चाळून, बरोबर निम्मं करून, निम्मं तुला पाठवलं. काटा मधोमध उभा होता. तू अर्धा वाटा मागत होतास. तो तुला ऑगस्टमध्येच पोचला.

वास आला आणि आईची आठवण आली असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य मी आज पुन्हा काढून वाचलं.

खोटं बोलता आलं असतं. डब्यातलं खत दोन डब्यांत वाटून ठेवलं असतं तर रविवारी तू ते उराशी धरून नेलं असतंस, आणि तुला काय कळणार होतं? मी ते तोललंसुद्धा. पण मग पोरीला काट्यापुढे बसवून मी काय शिकवणार होतो?

सुनेला सांगायचं की नाही ते तू ठरव. ती म्हणेल, म्हाताऱ्याने पोरीला तोललं, आणि मग हे. म्हणू दे. पोरीला सांगू नकोस. कधीही नको.

ते वाक्य परत घ्यायची आता गरज नाही. वापर ते. हवं तेवढे दिवस वापर.

माझा वाटा संपला. मला तिखट जास्त लागतं. गुरुवारी डबीचा तळ बोटाने पुसून खाल्ला.

म्हणून एकच मागतो. तुझ्या बरणीत काही उरलं असेल तर परत पाठव. चमचाभर असेल, कडेला चिकटलेलं असेल, तेवढं. टपालाचे पैसे इथे मी भरतो.

तोलू नकोस. तसंच पाठव.